स्वयंपूर्ण गाव : आठवण आणि वास्तव

प्रस्तावना

"आमच्या लहानपणी मीठ सोडलं तर काही विकत आणावं लागत नसे," असे तुम्ही घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून ऐकले असेल. शहरात वाढलेल्या पिढीलाही अशा साध्या जीवनाची ओढ वाटते. ही ओढ खोटी नाही. मात्र ज्या व्यवस्थेची ही आठवण आहे, ती प्रत्यक्षात कशी चालत होती हे या पाठात पाहू.

१. कल्पनेचा उगम

१८३० मध्ये चार्ल्स मेटकाफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. राजवटी बदलल्या तरी खेडे टिकून राहते, असे त्याचे मत होते. गांधीजींनी 'हिंद स्वराज'मध्ये (१९०९) यंत्रसंस्कृतीवर टीका केली आणि पुढे ग्रामस्वराज्याचा विचार मांडला. लक्षात घ्या, गांधीजींचे आदर्श खेडे उद्या घडवायचे होते आणि त्यात अस्पृश्यतेला जागा नव्हती.

२. व्यवस्थेचे स्वरूप

महाराष्ट्रात या व्यवस्थेला बलुतेदारी म्हणत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग इत्यादी बलुतेदार वर्षभर कुणब्यांची कामे करीत आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपात बलुते घेत. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात याचे तपशीलवार वर्णन आहे. उत्तर भारतात यासारख्याच व्यवस्थेला जजमानी म्हणतात. रोख पैसा कमी लागे, कारण काम जन्माने ठरलेले असे.

३. गाव खरोखर स्वयंपूर्ण होते का?

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९६० मध्ये हा समज तपासला. आठवडी बाजार, जातीचे नातेसंबंध, सोयरीक, तीर्थयात्रा यांमुळे गाव बाहेरच्या जगाशी कायम जोडलेले होते. आजोबांच्या वाक्यातील "मीठ सोडलं तर" हा अपवादही हेच सांगतो.

४. स्वयंपूर्णता कोणासाठी?

महार वतनात थोडी जमीन आणि बलुते मिळे. त्या बदल्यात सरकारी निरोप पोचवणे, मेलेली गुरे ओढणे अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या करावी लागत. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. ही वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली आणि मसुद्यात व्यक्तीला एकक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्यानंतर ग्रामपंचायतींविषयीची तरतूद अनुच्छेद ४० म्हणून संविधानात आली.

५. दोन नातवंडे

तुमच्या वर्गात शेजारी बसणाऱ्या दोघांचा विचार करा. एकाचे आजोबा खळ्यावर धान्य मोजून देत. दुसऱ्याचे आजोबा ते घेण्यासाठी टोपली धरून उभे राहत. पहिल्याच्या घरी गाव सोडल्याची हळहळ असेल, दुसऱ्याच्या घरी सुटकेची आठवण. दोघेही खरेच सांगत आहेत.

सारांश

माणूस कोणावर तरी अवलंबून असतोच. प्रश्न एवढाच, की कोणावर आणि कोणत्या अटींवर. साध्या जीवनाची इच्छा जरूर बाळगा. पण त्या जीवनात कोणते काम कोण करणार आणि ते नाकारण्याची मुभा त्याला असेल का, हेही विचारा.

स्वाध्याय

तुमच्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारा : लहानपणी घरात कोणत्या वस्तू बाहेरून येत? घरातील कोणती कामे दुसरे कोणी करीत आणि त्यांना मोबदला काय मिळे? वर्गमित्राच्या घरच्या उत्तरांशी ही उत्तरे ताडून पाहा.