कार्बनची पाती: पैसे वसूल होतात का?

पाच इंची हौशी ड्रोनला कार्बन फायबरचे प्रोपेलर लावण्यात फारसा अर्थ नाही, नागपुरात तर नाहीच. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांवर जातो, मग प्लॅस्टिक मऊ पडेल, अशी शंका घेतली जाते. पण पॉलिकार्बोनेट मऊ पडायला सुमारे 147 अंश लागतात. खरी अडचण हवेची. 25 अंशांच्या तुलनेत 45 अंशांना हवा सुमारे 6 टक्के विरळ होते आणि तितक्याच फेऱ्यांना उचल तेवढीच घटते. त्यावर उपाय पात्याचा व्यास किंवा पिच वाढवणे हा आहे, कार्बन नव्हे.

कार्बनचे पाते ताठ असते, कमी वाकते, हे खरे. कॅमेरा वाहणाऱ्या मोठ्या ड्रोनच्या लांब पात्यांना त्याचा लाभ होतो. आखूड पात्यांत तो फरक किरकोळ. उलट फांदीला धडकल्यावर पॉलिकार्बोनेट वाकते, तर कार्बन तडकतो, धक्का मोटरच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो आणि बोटही खोल कापतो. ‘कार्बन जास्त टिकतो’ हा दावा म्हणूनच ड्रोन कधी न आपटणाऱ्यांपुरता. नवशिक्यांनी त्याच पैशांत प्लॅस्टिकच्या पात्यांचे जादा संच घ्यावेत, ते नीट बॅलन्स करावेत आणि कड चिरलेले पाते लगेच बदलावे.