माजघराची जमीन

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर लांज्याजवळच्या आमच्या घरात माजघराची जमीन नव्यानं केली. मुंबईच्या भावाच्या मनात कॉर्कची जमीन होती. पोर्तुगालात एका जातीच्या ओक झाडाची साल दर 9 वर्षांनी सोलून काढतात, झाड तसंच वाढत राहतं. त्या सालीचा भुगा दाबून फरशा करतात. सालीत हवा कोंडलेली असते म्हणून ती पायाला उबदार आणि मऊ लागते; आईच्या गुडघ्यांना बरं पडेल, असं तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. पण कॉर्कला खालचा कोबा खडखडीत कोरडा लागतो. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेणारं. जोत्यातून ओल वर चढते. आई म्हणाली, "पूर्वी होती तशीच मातीची करू."

शेजारच्या काकींना बोलावलं. सत्तरी ओलांडलेल्या काकींनी आयुष्यभर जमिनी केल्या आहेत. जुनी जमीन चार बोटं खणून काढली. बांधावरची तांबडी माती आणली, तीत ओसाड वारुळाची माती मिसळली. वाळवीनं कालवलेली ही माती चिकट असते, धरून ठेवते. खडे वेचले, पाणी घालून रात्रभर भिजवली, सकाळी पायांनी तुडवली आणि पसरून फळीनं सारखी केली. इतकं काम अंगमेहनतीचं. सांगितलं तर कुणालाही जमेल.

खरी कसोटी त्यानंतर. दुपारी मी चोपणं घेऊन आलो, तर काकींनी हात धरला. "आजून वली हाय. आता चोपलंस तर पानी वर येल." दुसऱ्या दिवशीही नाहीच. दारातून वारा लागून उंबऱ्याकडची माती आधी सुकायला लागली, तर त्यांनी तिथं ओलं गोणपाट टाकलं आणि दार लोटून घेतलं. सगळी जमीन एका वेळी तयार व्हायला हवी. तिसऱ्या सकाळी त्यांनी अंगठा दाबला. ठसा उमटला, पण अंगठ्याला माती लागली नाही. "हां, आता."

भिंतीकडून सुरुवात करून मागं मागं दाराकडे सरकत चोपायचं. आधी आवाज भदभद येतो. माती बसत जाते तसा तो टणक होतो. काकी आवाजावरूनच सांगत होत्या, इथं अजून दोन घाव घाल. संध्याकाळी केसाएवढे तडे दिसले. मी घाबरलो. त्यांनी पाण्याचा हबका मारून त्यावरून पुन्हा चोपायला लावलं. असं तीन दिवस, तीन वेळा. माझे तळहात सोलले, पण चौथ्या दिवशी तडा उरला नाही.

मग सारवण. शेण गाईचं, तेही सुका पेंढा खाणाऱ्या. पावसाळ्यात हिरव्या गवतानं शेण पातळ होतं, ते धरत नाही. पहिला हात पातळ, बारीक भेगांत उतरण्यासाठी. शेणातल्या गवताच्या काड्या माती बांधून ठेवतात. दुसरा हात दाट, त्यात कोळशाची पूड. काकींचा हात अर्धवर्तुळात फिरे आणि प्रत्येक फेर आधीच्या फेरावर दोन बोटं चढे.

या जमिनीला राबावं लागतं. दर आठवड्याला सारवण हवं, आणि आमच्या वाडीत आता मोजकेच गोठे उरलेत, त्यामुळे शेणही मागून आणावं लागतं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या कमरेवर पडलं, म्हणून अनेक घरांनी लादी घातली, तर त्यांना दोष देता येत नाही. आमच्याकडे शनिवारी मी सारवतो. मात्र यंदाच्या आषाढात पुढच्या खोलीतल्या लादीला घाम सुटून पाय घसरत होते, तेव्हा आई माजघरात पाय पसरून निर्धास्त बसली होती.

तुम्हाला अशी जमीन करायची असेल, तर तुळशीचं लग्न उरकलं की हात घाला. फाल्गुनात ऊन तापतं, माती वरून भराभर सुकते, आतून ओलीच राहते आणि तडे जातात. आणि वाडीत कुणी काकी असतील, तर त्यांना आधी विचारा. अंगठा कधी दाबायचा, ते त्याच दाखवतील.