छातीतली घुरघुर

"आत्या, ही कुत्री आहे की मांजर?"

जयपूरला मुरलीपुऱ्यात माझा भाऊ राहतो. त्याच्याकडे नऊ आठवड्यांची पॉमेरेनियन आणली होती, वजन जेमतेम किलोभर, नाव राई. भाची तिला छातीशी धरून बसली होती आणि तिचं म्हणणं असं, की राई आतल्या आत घुरघुरते. मला वाटलं, पोरीचं काहीतरीच. पण राईच्या डाव्या बगलेत बोटं टेकवली आणि गप्प झाले. कातडीखाली काहीतरी थरथरत होतं, व्हायब्रेटवर ठेवलेल्या मोबाइलसारखं. आणि थांबत नव्हतं.

लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवरून सरकवत वर बगलेत नेला आणि बराच वेळ तिथेच धरला. मग नळ्या काढून माझ्या कानात घातल्या. "सुनिए, रुकता ही नहीं."

हृदय म्हटलं की लब-डब, आणि दोन ठोक्यांमध्ये जरा विसावा. इथे विसावाच नव्हता. पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत राहावा तशी अखंड घरघर, प्रत्येक ठोक्याला चढणारी, मग उतरणारी, पण बंद न पडणारी. एडिंबराच्या जॉर्ज गिब्सन या डॉक्टरने माणसांतल्या या आवाजाचं वर्णन १९०० साली केलं. वैद्यकात आजही त्याला यंत्राचा आवाज म्हणतात.

हा आवाज करणारी वस्तू जन्माआधी अत्यंत गरजेची असते. गर्भातल्या पिलाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. प्राणवायू आईकडून वारेतून येतो, मग फुप्फुसांत रक्त पाठवून करायचं काय? म्हणून फुप्फुसधमनी आणि महाधमनी यांच्यामध्ये एक छोटी नळी असते. रक्त फुप्फुसांना वळसा घालून थेट शरीरात जातं. माणसाच्या गर्भात हीच सोय, गाईच्या गर्भातही हीच.

मग पिल्लू जन्मतं. कुत्री पिलाभोवतीची पिशवी फाडते, पिलाला चाटून चाटून जागं करते, आणि ते पहिला श्वास घेतं. फुप्फुसं उघडतात, रक्तातला प्राणवायू वाढतो. नळी सैल ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन हे रसायन वारेतून यायचं, ते वारेबरोबरच संपतं. नळीच्या भिंतीत स्नायूंची कडी असतात. प्राणवायूची चाहूल लागताच ती आवळतात. काही दिवसांत वाट बंद, पुढे मागे उरते ती नुसती दोरी. ती तुमच्या-माझ्या छातीतही आहे. आयुष्यातली पहिली मोठी दुरुस्ती आपण करतो ती अशी, कुणी न शिकवता.

राईची नळी मिटली नव्हती. या दोषाचं नाव पेटंट डक्टस आर्टेरिओसस, डॉक्टरांच्या बोलीत पीडीए. कुत्र्यांच्या जन्मजात हृदयदोषांत सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी हा एक. पूडल, पॉमेरेनियन, माल्टीज, जर्मन शेफर्ड या जातींत जास्त, आणि नरांपेक्षा माद्यांत जास्त. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डोनाल्ड पॅटरसन आणि जेम्स ब्युकॅनन यांनी पूडलच्या घराण्यांचा माग काढला, तेव्हा कारण नळीच्या भिंतीतच सापडलं. जिथे आवळणारा स्नायू हवा तिथे महाधमनीसारखी ताणली जाणारी ऊती होती. अशी भिंत आवळणार कशी? काही पिलांत तर नळी अर्धीच मिटलेली निघाली, आंधळ्या खिशासारखी. अशा पिलाला आवाज नाही, त्रासही नाही, पण पुढच्या पिढीला दोष द्यायला ते मोकळं. एखाद्या वेतात दोष असलेलं पिल्लू निघालं तर आईबापांकडून पुन्हा वेत घेऊ नये, हे त्यामुळेच.

आवाज अखंड का, तेही आता कळतं. महाधमनीतला दाब हृदय आवळलं असताना आणि सैल असतानाही फुप्फुसधमनीपेक्षा जास्तच असतो. म्हणून रक्त सतत उलटं गळत राहतं. ते फुप्फुसांतून फिरून पुन्हा डाव्या हृदयाकडेच येतं. तेच पाणी दोनदा उपसावं तसं. हृदय फुगतं, थकतं. उपचार न मिळालेल्या पिलांपैकी साधारण दोन-तृतीयांश निदानानंतर वर्षभरात दगावतात. थोड्या पिलांत फुप्फुसांतला दाब इतका चढतो की प्रवाहच उलटतो. मग घरघर थांबते, आणि ही शांतता वाईट. नळी महाधमनीला जिथे मिळते, त्याच्या आधीच डोक्याकडच्या वाहिन्या फुटलेल्या असतात. त्यामुळे हिरड्या गुलाबी आणि मागचं अंग निळसर, असं एकच कुत्रं दोन रंगांत दिसतं. या अवस्थेत नळी बांधताही येत नाही.

माणसात ही नळी पहिल्यांदा यशस्वीपणे बांधली ती बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉसने, १९३८च्या ऑगस्टमध्ये, वरिष्ठ सुटीवर असताना, सात वर्षांच्या मुलीच्या छातीत. पुढची गोष्ट मला जास्त आवडते. हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंना नीट ऐकू येत नसे. मुलांच्या छातीवर बोटं ठेवून त्या दोष ओळखायच्या, भाचीने राईचा ओळखला तसा. काही निळी पडणारी बाळं नळी उघडी असेतो बरी असतात आणि ती मिटली की खालावतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ग्रॉसला विचारलं, अशी नळी नव्याने तयार करता येईल का? नळ्या बंद करण्याबद्दल नावाजलेल्या ग्रॉसला त्यात रस नव्हता. जॉन्स हॉपकिन्समध्ये आल्फ्रेड ब्लेलॉक आणि व्हिव्हियन थॉमस यांना होता. थॉमस कृष्णवर्णीय, शिक्षण शाळेपुरतं, हात मात्र सोन्याचे. त्यांनी दोनशेच्या आसपास कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया बसवली, आणि २९ नोव्हेंबर १९४४ला ती पहिल्या बाळावर झाली. त्या कुत्र्यांपैकी अॅना दीर्घकाळ जगली. तिचं चित्र जॉन्स हॉपकिन्सच्या भिंतीवर लागलं.

कुत्र्यांचं हे देणं आता थोडंफार फिटतंय. मांडीच्या धमनीतून बारीक नळी आत सरकवून, निकेल-टायटेनियमच्या तारांची जाळीदार गुंडी गळतीच्या जागी सोडतात. तो धातू आपला आकार लक्षात ठेवतो. त्या बारीक नळीतून बाहेर पडताच उमलतो आणि बसतो. खास कुत्र्यांसाठी बनवलेली गुंडीसुद्धा मिळते. किलोभराच्या राईची धमनी मात्र तेवढी रुंद नाही. अशांसाठी जुनीच पद्धत: डाव्या बरगड्यांमधून शिरून रेशमी दोऱ्याने नळी बांधायची. दोरा आवळला की सर्जनच्या बोटाखालची थरथर तत्क्षणी थांबते. वेळेवर झालं तर पिल्लू इतर कुत्र्यांसारखंच पूर्ण आयुष्य काढतं.

असं काम प्रत्येक गावात होत नाही. मे २०२४मध्ये दिल्लीत डॉ. भानुदेव शर्मा यांच्या चमूने एका सात वर्षांच्या बीगलची हृदयाची झडप छाती न उघडता दुरुस्त केली. तो म्हातारपणाकडे होणारा आजार, जन्मजात नव्हे. पण हात तिथवर पोचलेत एवढं त्यावरून कळतं. भाऊ राईला घेऊन दिल्लीलाच निघाला आहे. मुंबईकरांनी चौकशीची सुरुवात परळच्या बैलघोडा या जनावरांच्या दवाखान्यापासून करावी.

प्रत्येक आवाज म्हणजे आजार नव्हे. पुष्कळ पिलांत हलका फुसफुसाट असतो आणि चार-पाच महिन्यांत आपोआप जातो. फरक इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने कळतो. पण इको सांगायला आधी कुणीतरी ऐकलं पाहिजे. घरी पिल्लू आणलंत तर पहिल्या लसीच्या वेळी डॉक्टरांना एवढं सांगा, की डाव्या बगलेत, अगदी वरपर्यंत, नीट ऐका.