मान्यता, संलग्नता, मूल्यांकन: नेमका फरक काय?

तीन वेगळ्या पायऱ्या

- मान्यता: तंत्रनिकेतन चालवण्याची परवानगी. ती अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद देते.
- संलग्नता: परीक्षा आणि पदविकेशी जोडणी. अमरावती-अकोल्यातील बहुतेक तंत्रनिकेतनांसाठी ती महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ देते.
- मूल्यांकन (अ‍ॅक्रेडिटेशन): गुणवत्तेची बाहेरून तपासणी. संस्था स्वतः अर्ज करते.

मूल्यांकन करणाऱ्या संस्था: एनबीए (नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन) आणि नॅक (नॅशनल असेसमेंट अँड अ‍ॅक्रेडिटेशन कौन्सिल)

- दोन्हींची स्थापना १९९४. एनबीए २०१० पासून स्वायत्त.
- एनबीए एकेका अभ्यासक्रमाचे मूल्यांकन करते, पदविकेचेही. नॅक संपूर्ण महाविद्यालयाचे किंवा विद्यापीठाचे.

एनबीएतर्फे तपासायला कोण येते?

- दुसऱ्या संस्थांतील अनुभवी प्राध्यापक व तज्ज्ञ, म्हणजेच समव्यावसायिक.
- तपासायच्या संस्थेशी हितसंबंध नसावेत. गोपनीयता बंधनकारक.
- आधी संस्थेचा स्वयंमूल्यमापन अहवाल वाचतात. मग प्रयोगशाळा, कार्यशाळा व नोंदी पाहतात. विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणाऱ्यांशी बोलतात.
- अहवाल समितीचा, अंतिम निर्णय एनबीएचा.

आयटीआयची (औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची) वाट वेगळी

- कारागीर प्रशिक्षण योजना: १९५०.
- राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद (एनसीव्हीटी): १९५६.
- नियामक राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद (एनसीव्हीईटी): अधिसूचना २०१८.

वऱ्हाडातील नोंद

- अमरावतीचे शासकीय तंत्रनिकेतन १९५५ पासून.