गाडी उंच, पाय आखूड

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. संध्याकाळचा दवाखाना आटोपत आला होता. तेवढ्यात आमच्या गावातल्या हायस्कूलचे एक गुरुजी आणि त्यांच्या पत्नी आत आल्या. वहिनींचा डावा हात टॉवेलने गळ्यात बांधलेला, मनगट सुजून वाकडे झालेले आणि हात लावू देईनात. मनगटाचे हाड मोडले आहे हे बघताक्षणी कळत होते. पुढे एक्स-रेमध्येही तेच निघाले.

"गुरुजी, वेग किती होता?" मी विचारले.

गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "शून्य, डॉक्टर. गाडी थांबलेली होती."

झाले होते असे. दोघे नव्या मोटरसायकलवरून चिपळूणला मुलीकडे निघाले होते. कुंभार्ली घाटाच्या अलीकडे चहासाठी एका टपरीपाशी थांबले. गुरुजींनी डावा पाय टेकायला खाली सोडला, पण तिथे साइडपट्टी डांबरापेक्षा चार बोटे खाली होती. पाय पोचलाच नाही. गाडी डावीकडे कलली आणि दोघेही खाली आले. पडताना वहिनींनी हात टेकला आणि सगळा भार मनगटावर आला. चिपळूण राहिले बाजूला, कोणाच्या तरी जीपमधून दोघे परत आले.

"गाडी विकून टाकतो," गुरुजी म्हणाले. "पाच फूट दोन इंचाच्या माणसाने हा नाद करूच नये."

यावर वहिनी दुखत्या हातानेच म्हणाल्या, "विकायची कशाला? इतकी वर्षं पैसे साठवून घेतलीय. पाय पुरतील अशी करून घ्या की!"

वाचकहो, वहिनींचे म्हणणे अगदी बरोबर होते. हे मी अनुभवाने सांगतो, कारण माझी स्वतःची उंची पाच फूट तीन इंच आहे आणि लांब पल्ल्याची मोटरसायकल चालवण्याचा नाद मलाही आहे. एरवी या सदरात मी रक्तदाबाविषयी, मधुमेहाविषयी लिहितो. आज मात्र सीटच्या उंचीविषयी लिहिणार आहे. थांबलेल्या गाडीवरून पडून मुरगळलेले घोटे, मोडलेली मनगटे आणि सायलेन्सरने भाजलेल्या पोटऱ्या माझ्याकडे दर हंगामात येतात. त्यातले बरेचसे टाळता येण्यासारखे असते.

उंची नव्हे, पायाची लांबी मोजा

गाडीला माणसाच्या उंचीशी काही देणेघेणे नसते. तिचा संबंध पायाच्या आतल्या लांबीशी येतो. सारख्याच उंचीच्या दोन माणसांत एकाचे धड लांब आणि दुसऱ्याचे पाय लांब असू शकतात. ही लांबी घरी सहज मोजता येते. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. एक जाडसे पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मध्ये धरून सीटवर बसल्यासारखे घट्ट वर दाबावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर खूण करावी. जमिनीपासून खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे आपली पायाची लांबी. गुरुजींची भरली ७१ सेंटिमीटर.

आता गाड्यांकडे पाहू. स्प्लेंडर प्लसची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटरवर असते आणि गाडीचे वजन सुमारे ११२ किलो. बुलेट ३५० ची सीट ८०५ मिलिमीटरवर, वजन मात्र १९५ किलोच्या घरात. सीटमध्ये फरक फक्त दोन सेंटिमीटरचा, पण वजनात तब्बल ८० किलोहून अधिक! स्प्लेंडर थोडी कलली तर आपण ती मांडीने सावरतो. जड गाडी कलली की सावरता येत नाही. शिवाय मोठ्या गाडीची सीट रुंद असते. रुंद सीटवर पाय फाकतात आणि फाकलेला पाय जमिनीपर्यंत कमी पोचतो. म्हणून कागदावरचा सीटचा आकडा पाहून समाधान मानू नये. प्रत्यक्ष गाडीवर, नेहमीचे बूट घालून बसून पाहावे.

चवडा टेकतो, मग बिघडले कुठे?

बरेच जण म्हणतात, "डॉक्टर, माझे चवडे टेकतात, तेवढे पुरते." सपाट जागी पुरतेही. पण घोट्याच्या सांध्याची रचना लक्षात घ्या. या सांध्यात खाचेत बसणारे जे हाड असते, ते पुढून रुंद आणि मागून अरुंद असते. पाऊल जमिनीवर सपाट असताना रुंद भाग खाचेत पक्का बसतो. टाच उचलली की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल होतो. अशा सैल सांध्यावर दोन क्विंटलची गाडी, दोन माणसे आणि सामान यांचा भार आला तर पाऊल आत वळते आणि बाहेरच्या बाजूचे बंध ताणले जातात किंवा तुटतात.

याचा अर्थ दोन्ही तळपाय सपाट टेकलेच पाहिजेत असा नाही. एक पाय टाचेसकट भक्कम टेकला तरी पुरते. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, कंबर सीटवर किंचित डावीकडे सरकवलेली आणि डावा तळपाय जमिनीवर, असे थांबायला शिकावे. कमी उंचीच्या माणसाची ही पहिली विद्या. तिला पैसाही लागत नाही.

आधी बिनखर्चाचे उपाय

थांबण्याआधी जमीन पाहा. आपण डावीकडून गाडी चालवतो आणि आपल्याकडे डावीकडचीच साइडपट्टी खचलेली असते. तेव्हा डांबर सोडायचे तर पूर्ण सोडून सपाट जागी थांबावे. अर्धी गाडी डांबरावर आणि पाय खड्ड्यात, असे करू नये. गाडी लावताना तोंड बाहेरच्या बाजूला ठेवावे, म्हणजे निघताना चढावर पायाने मागे ढकलावी लागत नाही. मागे बसणाऱ्याने चालवणाऱ्याने "बसा" म्हटल्यावरच बसावे आणि उतरतानाही आधी विचारावे.

बूट घोट्याच्या वर येणारे आणि जाड तळव्याचे घ्यावेत. तळव्यातून एक-दीड सेंटिमीटर उंची मिळते, घोट्यालाही आधार मिळतो. मात्र तळवा जाड झाला की गिअरचा दांडा थोडा वर घ्यावा लागतो. चपला घालून जड गाडी चालवू नये.

मागच्या शॉकअपची स्प्रिंग सैल केली की गाडी थोडी खाली बसते. हे गॅरेजमध्ये पाच मिनिटांचे काम आहे. पण मागे कोणी बसणार असेल, सामान असेल, तर स्प्रिंग पुन्हा घट्ट करायला विसरू नये. सैल स्प्रिंगवर दोघे बसले की प्रत्येक गतिरोधकावर शॉकअप तळाला आपटतो आणि तो दणका थेट कमरेच्या मणक्यांना बसतो.

सीट कापताना

एवढ्याने भागले नाही तर सीटकडे वळावे. सीटकव्हर शिवणारे कारागीर आतला फोम कापून सीट खाली करून देतात. इथे मी स्वतः केलेला मूर्खपणा सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एकदम दोन इंच फोम काढून घेतला. दोन्ही पाय छान टेकले, मी खूश! पण पन्नास-साठ किलोमीटर गेल्यावर माकडहाड ठणकू लागले. शंभराव्या किलोमीटरला जांघेत बधिरपणा आला आणि गुडघेही बोलू लागले. पुढचे आठ दिवस दवाखान्यात मी उशीवर बसून रुग्ण तपासले. तेही रुग्णांना कंबरदुखीवर सल्ले देत!

कारण साधे आहे. बसताना आपला भार बैठकीच्या दोन हाडांवर असतो. फोम पातळ झाला की ती हाडे खालच्या पत्र्याला किंवा प्लॅस्टिकला टेकतात. मग माणूस नकळत मागे रेलतो आणि भार माकडहाडावर जातो. दुसरे म्हणजे सीट खाली आली तरी पाय ठेवायचे फूटरेस्ट आहेत तिथेच राहतात. दोन्हींतले अंतर कमी होऊन गुडघा जास्त दुमडतो. ज्यांची गुडघ्याची वाटी आधीच कुरकुरते, त्यांना तासाभरात त्रास सुरू होतो.

म्हणून सीट कमी करायचीच तर दीड ते दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त एकदम करू नये. त्यापेक्षा सीटची पुढची बाजू दोन्हीकडून निमुळती करून घ्यावी. मांड्या जवळ येतात, पाय सरळ खाली जातात आणि बसायची जागा जाडच राहते. मूठ जोरात दाबून पाहावी. खालचा तळ लागला तर फोम अपुरा आहे. मूळ सीट जपून ठेवावी आणि काम जुन्या, दुसऱ्या सीटवर करून घ्यावे, म्हणजे फसले तरी मागे फिरता येते. काही गाड्यांना कंपनीचीच कमी उंचीची सीट मिळते. उदाहरणार्थ, २०२३ साली आलेल्या हिमालयन ४५० ची नेहमीची सीट ८२५ मिलिमीटरवर असते आणि तिची बुटकी सीट ८०५ वर येते. अशी सोय असेल तर कापाकापीत पडूच नये.

शॉकअपला हात लावण्याआधी

शेवटचा उपाय म्हणजे गाडीच खाली घेणे. मागचा शॉकअप बदलून किंवा त्याला जोडणाऱ्या पट्ट्या बदलून हे करतात. यात सीटचा फोम आणि गुडघ्याचा कोन तसाच राहतो, हा फायदा. पण मागची बाजू खाली गेली की पुढचीही तेवढ्याच प्रमाणात खाली घ्यावी लागते, नाहीतर वळणावर गाडीची चाल बदलते. गाडीचे पोट गतिरोधकावर घासते. साइड स्टँड मात्र पहिल्याइतकाच लांब राहतो, त्यामुळे उभी केलेली गाडी पुरेशी कलत नाही आणि जरा धक्का लागला की पलीकडच्या बाजूला आडवी होते. म्हणजे स्टँडही कापून घेणे आले. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई आहे. आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे चौकशी केल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

आणि गाडी अजून घ्यायचीच असेल तर? अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. इथे पाय पाहून अंथरूण घ्यावे. मीटिओर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे आणि तीही लांबच्या प्रवासाचीच गाडी आहे.

कोणी विशेष जपावे?

जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. पाय टेकला की नाही हे अशा माणसाला नीट कळत नाही आणि सायलेन्सरचा चटकाही उशिरा जाणवतो. त्यांनी आधी पाय तपासून घ्यावेत. घोटा वारंवार मुरगळणारे, चक्कर येणारे आणि खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेले यांनी डॉक्टरांना विचारूनच जड गाडी घ्यावी.

सर्वांसाठी एक गोष्ट सांगतो. गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की तिला धरून ठेवू नका, सोडा आणि पाय बाजूला घ्या. गाडीचा आरसा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, घोटा मिळत नाही. पडलेली गाडी कमरेतून वाकून उचलू नये. आधी इंजिन बंद करावे, मग गाडीकडे पाठ करून, गुडघ्यांत बसून, पायांच्या जोरावर उठावे. त्याहून उत्तम म्हणजे रस्त्यावरच्या दोघांना हाक मारावी. यात कसली लाज?

पुढे काय झाले?

वहिनींचे प्लॅस्टर सहा आठवडे होते. तेवढ्या काळात गुरुजींनी जुन्या बाजारातून दुसरी सीट आणली, ती पुढून निमुळती आणि दीड सेंटिमीटर कमी करून घेतली, जाड तळव्याचे बूट घेतले. मग रोज पहाटे शाळेच्या मैदानावर एकट्याने सराव सुरू केला. चालायचे, थांबायचे, डावा पाय टेकायचा, पुन्हा चालायचे. पहाटे फिरायला येणारे हसत. "पोरांना गिरवायला लावतो, आता मीच गिरवतोय," असे गुरुजींनी मला सांगितले.

प्लॅस्टर निघाल्यावर मी वहिनींना मनगटाचे व्यायाम दिले. बोटांची पकड पूर्ण येईपर्यंत मागे बसायचे नाही, अशी ताकीदही दिली. त्यांनी ती पाळली. फेब्रुवारीत दोघे डोक्याला हेल्मेट घालून पुन्हा चिपळूणला निघाले. वाटेत चहासाठी त्याच टपरीवर थांबले. या वेळी गुरुजींनी गाडी पुढे सपाट जागेवर नेली, पाय टेकला आणि मग म्हणाले, "उतरा."

परत आल्यावर वहिनींनी दवाखान्यात कोकमाची पुडी आणून दिली, डाव्या हाताने. पकड चांगली होती.