डॅशबोर्डाखालच्या सोळा पिना

बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून बोटीत बसलेला माणूस काही मिनिटांत खाडीपलीकडच्या गोराई गावात उतरतो. मोटारीला मात्र भाईंदर-उत्तनवरून लांबचा फेरा पडतो. अशा गावात डॅशबोर्डवर पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागला, की दुरुस्तीच्याही आधी प्रश्न पडतो तो गाडी तशीच बाहेर काढावी की नाही, हा. खाऱ्या हवेने एखाद्या सेन्सरच्या कपलरला गंज चढला तरी तो दिवा लागू शकतो, आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटेनासे झाले तरी तोच लागतो. पहिल्या प्रकारात सर्व्हिस सेंटरपर्यंत जाण्याने बहुधा काही बिघडत नाही. दुसऱ्यात न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तो महागडा भाग भाजून निघतो. कुठला प्रकार आहे याचा बराच अंदाज गाडीच्या संगणकाला असतो. तो मालकालाही मिळावा आणि त्यासाठी कंपनीचे सर्व्हिस सेंटर हे एकच दार नसावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

थोडे काम कायद्याने आधीच केले आहे. भारत स्टेज ४ च्या गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही बिघाड नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली. स्टीअरिंगच्या आसपास असणाऱ्या सोळा पिनांच्या सॉकेटला ईएलएम ३२७ जातीचे स्वस्तातले ब्लूटूथ यंत्र लावले की मोबाइलवर बिघाडाचा कोड दिसतो. पण ही सक्ती धुराशी संबंधित बिघाडांपुरती. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टीअरिंग यांचे कोड वाचायला बहुतेक वेळा कंपनीचे किंवा त्या तोडीचे सॉफ्टवेअर लागते. शिवाय कोड वाचणे वेगळे आणि गाडीला हुकूम देणे वेगळे. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या अनेक गाड्यांत मागचे ब्रेक पॅड बदलण्याआधी कॅलिपरची मोटर स्कॅनरने मागे घ्यावी लागते. बऱ्याच कॉमनरेल डिझेल गाड्यांत नव्या इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरावा लागतो. पान्याने होणारे सगळे काम झालेले असते आणि शेवटच्या दोन मिनिटांसाठी गाडी टोचन करून शोरूमला न्यावी लागते.

ही अडचण तंत्रापेक्षा व्यापाराची आहे, याचा पुरावा भारतीय स्पर्धा आयोगाच्या निकालात सापडतो. शमशेर कटारिया यांच्या २०११ मधल्या तक्रारीवरून चाललेल्या प्रकरणात आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्स आणि महिंद्र अँड महिंद्र या दोन्ही त्यात होत्या. आयोगाचा तर्क सरळ होता. गाडी घेताना ग्राहकापुढे अनेक कंपन्या असतात. एकदा घेतली की तिचे सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे यांच्यासाठी तो एकाच कंपनीच्या हाती सापडतो. म्हणून सुटे भाग आणि तपासणी-यंत्रे बाहेरच्या गॅरेजांनाही मिळावीत, असा आदेश झाला. कंपन्या अपिलात गेल्या. त्यांपैकी टोयोटा, फोर्ड आणि निस्सान यांच्या बाबतीत अपिलीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये मूळ निष्कर्ष उचलून धरला, दंड मात्र कमी केला.

वॉरंटीची भीती घालणाऱ्यांनी हाच आदेश वाचावा. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट लावू नये. बाहेरच्या सदोष कामाने जे नुकसान झाले तेवढ्यापुरती ती नाकारता येईल, अशी त्याची विभागणी आहे. अडाणी हात एअरबॅगशी खेळतील, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि चोरीचा त्याहून खरा. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास चोरांनी याच सॉकेटमधून कोऱ्या चाव्या प्रोग्रॅम करून बीएमडब्ल्यू पळवल्या होत्या. पण त्यावरचा उपाय वर्गवारीचा आहे. कोड वाचणे सर्वांना खुले, ब्रेक मागे घेण्यासारखी सर्व्हिसची कामे मालकाला आणि गल्लीतल्या गॅरेजला खुली, चाव्या आणि चोरीविरोधी इमोबिलायझर पडताळणी झालेल्यालाच. युरोपीय संघात कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही द्यावी लागते आणि चोरीशी संबंधित भागासाठी गॅरेजची वेगळी पडताळणी होते. अधिकृत वाट बंद ठेवली की फोडलेल्या सॉफ्टवेअरची विक्री वाढते. अशी प्रत ईसीएममध्ये काय लिहून ठेवेल याची हमी कोण देणार? कोड वाचून सामान्य माणूस भलताच निष्कर्ष काढेल, हेही कबूल. ‘मिश्रणात इंधन कमी’ असा कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलायचा आणि खरा दोष फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपात निघायचा, असे घडते. ते शोरूममध्येही घडते, आणि तिथे बिल मालकच भरतो.

मुख्य म्हणजे कंपनी कायमची नसते. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली शेव्हरोले विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातले उत्पादनही बंद केले. फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. गाड्या रस्त्यावर राहिल्या. जुन्या फोर्डच्या अनेक मालकांना त्यानंतर उपयोगी पडले ते कंपनीबाहेर तयार झालेले फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर चालणारे आणि मालकाला स्वतः वापरता येणारे.