वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी : स्वरूप, रचना आणि वऱ्हाडचे प्रश्न

विनयपिटकातील चुल्लवग्गात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची कथा आहे. भिक्षुसंघासाठी आपणही विहार बांधावा, असे त्याच्या मनात आले. त्याने स्वतः चिखल तुडवला, विटा रचल्या, भिंत उभी केली. परंतु बांधकामाचे ज्ञान नसल्यामुळे भिंत वाकडी गेली आणि कोसळली. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही तेच झाले. जे दान देऊ शकतात त्यांना भिक्षू मार्गदर्शन करतात, मी दरिद्री म्हणून मला कोणी काही सांगत नाही, अशी त्याची तक्रार होती. ती तथागतांच्या कानावर गेली, तेव्हा नव्या बांधकामाची देखरेख जाणत्या भिक्षूकडे सोपवण्याची अनुज्ञा त्यांनी दिली. अशा भिक्षूस पाली वाङ्मयात ‘नवकम्मिक’ म्हणतात. शिंप्याजवळ श्रद्धा होती, श्रमही होते. नव्हते ते शास्त्र.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील आपल्या समाजाच्या कित्येक घरांत गवंडीकाम, सेंट्रिंग आणि वीटभट्टी यांवर पिढ्या जगल्या. त्या घरांतील मुलेमुली आता वास्तुकलेच्या महाविद्यालयात प्रवेश घेत आहेत. बी.आर्च. झाल्यावर ‘एम.आर्च. करावे काय?’ हा प्रश्न त्यांच्यापुढे येतो. आणखी दोन वर्षे आणि आणखी खर्च, हा निर्णय गरीब कुटुंबासाठी लहान नसतो. म्हणून या पदवीची रचना आणि तिच्यातून काय मिळते, काय मिळत नाही, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

परवाना पहिल्या पदवीचा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वास्तुकला म्हणजे दिशा आणि शुभाशुभ सांगणारे ‘वास्तुशास्त्र’ नव्हे. ती मोजमाप, साहित्य, हवामान, कायदा आणि सौंदर्यदृष्टी यांवर उभी असलेली विद्या आहे. भारतात तिच्या शिक्षणाचे आणि व्यवसायाचे नियमन १९७२च्या वास्तुविशारद अधिनियमान्वये स्थापन झालेली वास्तुकला परिषद करते. पाच वर्षांची, म्हणजे दहा सत्रांची, बी.आर्च. पदवी घेऊन परिषदेकडे नोंदणी केली की ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावून व्यवसाय करता येतो. त्यासाठी एम.आर्च.ची गरज नाही. स्वतःचे कार्यालय काढून घरांचे नकाशे करायचे असतील, तर पहिली पदवी, नोंदणी आणि चांगल्या कार्यालयातील अनुभव पुरेसा आहे.

मग दुसरी पदवी कशासाठी? पहिली पदवी ‘इमारत कशी उभी करावी’ हे शिकवते. दुसरी पदवी ‘ती अशीच का असावी’ हे विचारायला शिकवते. एका विषयात खोल उतरणे हा तिचा हेतू आहे. महाविद्यालयात अध्यापन करायचे असल्यास ती जवळजवळ अनिवार्य ठरते. वारसा संवर्धन किंवा नागरी अभिकल्पना यांसारख्या क्षेत्रांतही तिचे मोल मोठे आहे.

शाखा आणि प्रवेश

एम.आर्च. ही एकच पदवी असली तरी तिच्या शाखा अनेक आहेत. सामान्य वास्तुकलेखेरीज नागरी अभिकल्पना, भूदृश्य वास्तुकला, वारसा संवर्धन, पर्यावरणीय वास्तुकला, बांधकाम व्यवस्थापन अशा शाखा वेगवेगळ्या संस्थांत आहेत. पुण्याच्या डॉ. भानुबेन नानावटी महिला वास्तुकला महाविद्यालयात भूदृश्य आणि पर्यावरणीय वास्तुकलेचे अभ्यासक्रम आहेत. केंद्र शासनाने २००८ मध्ये स्थापन केलेल्या भोपाळच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयात संवर्धन, नागरी अभिकल्पना आणि भूदृश्य हे विषय शिकवले जातात. नगरनियोजन ही मात्र स्वतंत्र पदवी आहे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत नागरी नियोजनाचा एम.टेक. अभ्यासक्रम आहे. नियोजनाच्या पदवीला अनेक संस्थांत स्थापत्य अभियंते आणि भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र यांचे पदव्युत्तर विद्यार्थीही पात्र असतात.

प्रवेशासाठी बी.आर्च.ला सामान्यतः ५० टक्के गुण लागतात; राज्यातील राखीव प्रवर्गांसाठी ही मर्यादा ४५ टक्के आहे. केंद्रीय संस्थांमध्ये ‘गेट’ परीक्षेच्या वास्तुकला व नियोजन या प्रश्नपत्रिकेचे गुण पाहतात. ही परीक्षा तीन तासांची आणि १०० गुणांची असून तिचा निकाल तीन वर्षे ग्राह्य असतो. महाराष्ट्रात गेट किंवा राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर केंद्रीय प्रवेश प्रक्रिया चालते. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी; ऐकीव माहितीवर विसंबू नये.

चार सत्रांची वाटचाल

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा असतो. तपशील विद्यापीठागणिक बदलला तरी सांगाडा सारखाच राहतो. त्याचा कणा म्हणजे स्टुडिओ. येथे व्याख्यान ऐकून टिपणे काढायची नसतात. एक खरी जागा आणि एक खरी समस्या दिली जाते आणि विद्यार्थी तिच्यावर आठवडेच्या आठवडे काम करतो. त्याच्या आराखड्यांची तपासणी ‘ज्युरी’ करते. बाहेरून आलेले वास्तुविशारद भिंतीवर लावलेल्या शीटसमोर उभे राहून प्रश्न विचारतात आणि विद्यार्थ्याने उत्तर द्यायचे असते. ग्रामीण भागातून आलेल्या मुलांना येथे रेखाटनापेक्षा बोलण्याचीच भीती अधिक वाटते. ही भीती शाळेतील वक्तृत्वाच्या आणि चर्चेच्या सवयीने कमी होते, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

पहिल्या सत्रात स्टुडिओबरोबर शाखेचे सिद्धान्त आणि संशोधनपद्धती शिकवतात. दुसऱ्या सत्रात समस्या मोठी होते; एका इमारतीऐवजी एखादी वस्ती, बाजारपेठ किंवा नदीकाठ अभ्यासाला येतो आणि ऐच्छिक विषय निवडता येतात. तिसऱ्या सत्रात स्टुडिओसोबत बहुधा लघुप्रबंध किंवा व्यावसायिक प्रशिक्षण असते आणि प्रबंधाचा विषय निश्चित होतो. चौथे सत्र मुख्यतः प्रबंधाचे. विषयाची मांडणी, पूर्वीच्या कामांचा अभ्यास, प्रत्यक्ष जागेचे सर्वेक्षण, त्यातून निघालेले निष्कर्ष आणि शेवटी त्या निष्कर्षांवर आधारलेली रचना, असा त्याचा क्रम असतो. बहिस्थ परीक्षकांसमोर मौखिकी झाल्यावर पदवी पूर्ण होते. देखणे चित्र पण दुबळा युक्तिवाद असलेला प्रबंध येथे टिकत नाही.

प्रश्न आपल्या अंगणातले

ज्याच्यापाशी स्वतःचा प्रश्न आहे, त्यालाच ही दोन वर्षे फळतात. आणि प्रश्नांच्या बाबतीत वऱ्हाड श्रीमंत आहे. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. मातीच्या जाड भिंतींची धाब्याची घरे त्या उन्हाला तोंड देत होती. आज त्यांच्या जागी टिनपत्रे आणि सिमेंटचा स्लॅब आला आहे. कमी खर्चात थंड राहणारे घरकुल कसे असावे, हा पर्यावरणीय वास्तुकलेचा विषय आहे. आपली काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाये हलतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पाणीच खारे. भिंतींना लोणा लागतो. तेथे बांधकामाचे साहित्य कोणते वापरावे, याचे उत्तर पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत आयते मिळणार नाही.

संवर्धनाच्या विद्यार्थ्यासाठी अमरावतीचा परकोट आणि त्याच्या वेशी आहेत, बाळापूरचा किल्ला आणि छत्री आहे, नरनाळ्याचा महाकाली दरवाजा आहे, पातूरची लेणी आहेत. नागरी अभिकल्पनेच्या विद्यार्थ्याने दीक्षाभूमीकडे पाहावे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी तेथे लाखो माणसे येतात; त्यांचे पाणी, सावली, शौचालये आणि सुरक्षित परतीची वाट हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे.

खर्चाची व्यवस्था

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीद्वारे मिळते. त्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून निवास-भोजनासाठी साहाय्य मिळू शकते. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. जात वैधता प्रमाणपत्र वेळेपूर्वी तयार ठेवावे आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळत नाही. संगणक, छपाई, प्रतिकृती आणि अभ्याससहली यांचा खर्चही आधीच हिशेबात धरावा.

बी.आर्च. संपताच घाईने एम.आर्च.ला जाण्यापेक्षा एकदोन वर्षे कार्यालयात आणि बांधकामाच्या जागेवर काम करणे बहुतेकांना हिताचे ठरते. तेथे प्रश्न भेटतात, थोडी बचत होते आणि कोणती शाखा आपली, हेही कळते. बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले, ते आपल्या ग्रंथांना जागा मिळावी हा हेतू मनात ठेवून. कोणासाठी आणि कशासाठी बांधायचे, हे आधी स्पष्ट असले की रचनेला अर्थ येतो. पदवी निवडतानाही हीच स्पष्टता बाळगावी. या शाळेतून निघालेल्या विद्यार्थ्यांनी ती बाळगली, तर त्यांचे शिक्षण गावाकडच्या घरांपर्यंत नक्कीच पोहोचेल.